चामड्यावरची बुरशी: कडक ऊन नको, खोबरेल तेलही नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आवराआवरीत कपाटं उघडली की बूट, पट्टे, पर्स आणि कोल्हापुरी चपलांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते. बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलेल्या तळमजल्यांवर तर हमखास. मग वस्तू ओल्या फडक्यानं पुसून गच्चीवर उन्हात टाकतात आणि वर खोबरेल तेल चोळतात. बुरशीनं होत नाही इतकं नुकसान या उपायांनी होतं. कडक उन्हात चामडं आकसतं, ताठरतं आणि घडीवर चिरतं. तेलानं ते काळवंडतं, पुढे खवट वास येतो आणि चिकटपणावर धूळ बसते.

आधी ती बुरशीच आहे ना, हे पाहावं. कमावताना चामड्यात मुरवलेली चरबीही कधीकधी पांढरी होऊन वर येते. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून दिली की ती विरघळून दिसेनाशी होते. बुरशी जात नाही आणि तिला कुबट वास असतो.

बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावून वस्तू घराबाहेर न्यावी आणि कोरड्या मऊ ब्रशनं झाडावी. घरात झाडली तर बीजाणू कपाटभर पसरतात. शिवणी, बकलची मागची बाजू आणि बुटाची जीभ सोडू नये, बुरशी तिथूनच पुन्हा उठते. मग औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट आणि पाणी समप्रमाणात मिसळावं. फडकं त्यात बुडवून घट्ट पिळावं, चामड्यावर थेंब ओघळता कामा नये. आधी आतल्या न दिसणाऱ्या जागी पुसून पाहावं. फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबावं. स्वेड म्हणजे लव असलेल्या चामड्यावर फक्त कोरडा ब्रश. कपडे पांढरे करायचं ब्लीच कोणत्याच चामड्याला लावू नये, ते चामड्यातलं प्रथिनच खातं.

पुसल्यावर सावलीत, पंख्याखाली किमान दोन दिवस. घाई होते ती इथेच. वरून कोरडं लागलेलं चामडं आत दमटच असतं आणि त्यावर पॉलिश चढवलं की ओल कोंडली जाते. बुटात साधा कोरा कागद कोंबावा आणि ओलसर झाला की बदलावा. छापील वर्तमानपत्राची शाई फिक्या अस्तराला लागते. पूर्ण वाळल्यावरच लेदर कंडिशनरचा पातळ हात द्यावा. कोल्हापुरीला तोही अगदी जपून, कारण बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते चामडं उघडं असतं, डाग लगेच पितं.

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरू लागते. म्हणून पावसाळ्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक कपाटातच ठेवावा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं. प्लॅस्टिकची पिशवी नको, सुती पिशवी बरी. डांबराच्या गोळ्यांवर बुरशीसाठी विसंबू नये. बंद कप्प्यात ओल शोषणारं सिलिका जेल २००-२५० ग्रॅम ठेवावं. निळे मणी गुलाबी झाले की १२० अंश सेल्सिअसवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येतात, मात्र स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको. पाणी जमा होणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे आडवे झाले तर ते खारट पाणी चामड्यावर कायमचा डाग पाडतं.

१८८६ पासून गायनशाळेची परंपरा असलेल्या बडोद्यात तबल्याबद्दल वेगळं सांगायला हवं. पुडीचं, म्हणजे तबल्याच्या तोंडावर ताणलेलं, कातडं कमावलेलं नसतं. पाणी लागलं की ते सैल पडतं आणि शाईत, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलात, पिठाची खळ असल्यानं ती भिजली की सुटते. म्हणून पुडीला स्पिरिट-पाणी लावूच नये. कोरड्या मऊ ब्रशनं चाट (कडेची पट्टी) आणि मैदान (चाट आणि शाई यांच्यामधला भाग) झाडावं, गजऱ्याचा म्हणजे कडेच्या विणलेल्या वेढ्याचा पीळ बोटानं किंचित उघडून आतली बुरशीही काढावी आणि शाईवरून फक्त कोरडं सुती फडकं फिरवावं. शाईचे कण सुटू लागले असतील तर घासणं थांबवून तबला पुडी बदलणाऱ्या कारागिराकडेच न्यावा.

आपला,
चामडी वस्तूंच्या दुरुस्तीचा एक व्यावसायिक,
रावपुरा, बडोदा