आधी पाणी, मग मासे

हॅम्बुर्ग, १४ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

इकडे सर्व क्षेम आहे. पाण्याने भरलेली काचेची टाकी मी रोज निरखत बसते आणि तिच्यात मासा मात्र एकही नाही, हा काय प्रकार आहे, असे बाबांनी परवा फोनवर विचारले होते. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखे नाही. शिवाय दादाचा धाकटा मालवणात असेच प्रवाळांचे मत्स्यालय मांडायचे म्हणतो आहे, म्हणून सविस्तर लिहिते. हे पत्र त्यालाही वाचायला द्यावे.

टाकी लहान आहे. ६० सें.मी. लांब, ४० रुंद, ४० उंच. काठोकाठ भरली तर ९६ लिटर पाणी मावेल. पाणी, दगड, काच आणि खालचे कपाट मिळून वजन दीडशे किलोच्या घरात जाते. आमची इमारत जुनी, लाकडी तुळयांवर पेललेली असल्यामुळे टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत, तुळयांना आडवी येईल अशी ठेवली आहे. लहान टाकी सांभाळायला सोपी, असा पुष्कळांचा समज असतो. खरे तर उलट आहे. पाणी जितके थोडे तितके ते लवकर बिघडते. एखादी गोगलगाय दगडामागे मरून पडली, तर मोठ्या टाकीत तिचा मागमूसही लागत नाही. शंभर लिटरांत मात्र तेवढ्यानेही पाणी खराब होऊ शकते.

नळाचे पाणी येथे वापरता येत नाही. त्यातील नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेट यांवर शेवाळ पोसते, आणि तांब्याच्या नळातून उतरलेला तांब्याचा अंश अगदी थोडा असला तरी कोळंबी व गोगलगाई यांना मारक ठरतो. म्हणून आर.ओ. यंत्रातून काढलेले पाणी पुढे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या रेझिनमधून नेऊन टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण, शून्यावर आणावा लागतो. आपल्याकडच्या घरगुती आर.ओ. यंत्रांत पिण्याच्या चवीसाठी पुष्कळदा टीडीएस मुद्दाम राखलेला असतो. ते पाणी या कामाचे नाही, हे धाकट्याने लक्षात ठेवावे.

या शुद्ध पाण्यात मीठ मिसळायचे, पण ते मत्स्यालयासाठी बनवलेले. शिरोड्याच्या मिठागरात खारे पाणी आटताना काय होते ते बाबांनी पाहिलेले आहे: आधी जिप्सम खाली बसतो आणि त्याच्याबरोबर बराचसा कॅल्शियम जातो, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यात मागे राहतो. म्हणजे मिठागरातले मीठ हे समुद्राचा एक भाग वगळून हाती आलेले असते, आणि प्रवाळाला नेमका तो वगळलेला भाग हवा असतो. मत्स्यालयाच्या मिठात हे सारे क्षार योग्य प्रमाणात पुन्हा एकत्र केलेले असतात. एका लिटरला साधारण ३६ ते ४० ग्रॅम मीठ लागते. क्षारता हजारात ३५ भाग, म्हणजे २५ अंश सेल्सियसला सापेक्ष घनता सुमारे १.०२६ असावी, ती मी रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणाने मोजते. पाण्याची वाफ होते तेव्हा केवळ पाणी उडते, मीठ टाकीतच राहते. म्हणून रोजची तूट शुद्ध गोड पाण्यानेच भरून काढावी लागते. तेथे पुन्हा खारे पाणी घातले तर क्षारता चढतच जाते.

आता बाबांच्या मूळ प्रश्नाकडे येते. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) आठच्या वर असल्यामुळे तो गोड्या पाण्यातल्यापेक्षा अधिक विषारी ठरतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट माशांना फारसा बाधत नाही. पण हे जिवाणू दगडाच्या छिद्राछिद्रांत वस्ती करून वाढायला चार ते सहा आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. त्या काळात त्यांना पोसण्यासाठी मी मोजून अमोनियम क्लोराइड घालते आणि पाणी तपासते. मासे आधीच टाकीत सोडून त्यांच्या उत्सर्गावर हे जिवाणू वाढवण्याची जुनी रीत होती. मला ती क्रूर वाटते. जिवाणू वसल्यानंतर काचेवर आणि वाळूवर डायटम या सूक्ष्म शैवालाची तपकिरी साय धरते, मग हिरवे शेवाळ येते, आणि तेव्हा कुठे गोगलगाई सोडायची वेळ होते. आमची टाकी सध्या या तपकिरी अवस्थेत आहे. पाहुण्यांना ती घाणेरडी दिसते, मला मात्र तिच्यात रोज काहीतरी नवे सापडते: दगडाच्या भेगेत पिसासारखा पंखा उघडणारा इवला कृमी, रात्री विजेरीच्या उजेडात धावणारे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या कुळातले अगदी बारीक जीव.

दगडांना या छंदात एवढे महत्त्व आले त्याचे श्रेय इंडोनेशियातील ली चिन एंग यांना आहे. १९६१ मध्ये त्यांनी जिवंत दगड, म्हणजे जिवाणू व बारीक जीव वसलेले समुद्रातले दगड, आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री जीव घरात जगवण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. पुढे जर्मनीत त्याला प्रोटीन स्किमरची, म्हणजे फेसाबरोबर सेंद्रिय मळ बाहेर काढणाऱ्या यंत्राची जोड मिळाली. तीच बर्लिन पद्धत म्हणून जगभर गेली. माझ्या टाकीत बहुतेक दगड कोरडे, सच्छिद्र आहेत, आणि त्यांत जीव यावा म्हणून काही तुकडे येथल्या एका छंदिष्ट गृहस्थांच्या जुन्या टाकीतून आणले आहेत.

प्रवाळही त्यांच्याकडूनच, टाकीत वाढलेल्या वसाहतींचे तुकडे म्हणून मिळतील. प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशावर अन्न बनवून यजमानाला पुरवते, म्हणून निळ्याकडे झुकणारा एलईडी प्रकाश लागतो, तोही सुरुवातीला मंद. मऊ प्रवाळांचे एवढ्यावर भागते. चुन्याचा सांगाडा बांधणाऱ्यांना मात्र पाण्यात लिटरमागे ४०० ते ४५० मि.ग्रॅ. कॅल्शियम, सुमारे १३०० मि.ग्रॅ. मॅग्नेशियम आणि पुरेशी अल्कता, म्हणजे पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट, हवी. मॅग्नेशियम कमी पडला तर कॅल्शियम आणि कार्बोनेट प्रवाळाच्या कामी येण्याआधीच एकत्र येऊन साका म्हणून खाली बसतात. यांपैकी अल्कता मी सर्वांत जपणार आहे, कारण ती थोडी कमी किंवा जास्त असलेली प्रवाळ सोसते, पण दोन दिवसांत वरखाली झालेली सोसत नाही. आईंनी विषारी प्रवाळांबद्दल विचारले होते. झोअँथस आणि पॅलिथोआ या बटणासारख्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचे अतितीव्र विष असू शकते, हे खरे आहे. ते मी घेणार नाही, आणि टाकीतला कोणताही दगड उकळत्या पाण्यात टाकायचा नाही हा नियम घरात सर्वांना सांगून ठेवला आहे, कारण ते विष वाफेतूनही बाधते.

मासे येतील तेव्हा क्लाउनफिशची एकच जोडी येईल, तीही टाकीत पैदास झालेली. हे सारे मासे आधी नर असतात. जोडीतला मोठा मादी होतो. समुद्रात ते ज्याच्या आसऱ्याने राहतात ते समुद्रफूल (सी ॲनिमोन) टाकीत लागतेच असे नाही, आणि समुद्रफुलासारखा नाजूक जीव कोवळ्या टाकीत आणू नये. निळा टँग मुलांना हवासा वाटतो, पण तो फूटभर वाढणारा, लांब पोहणारा मासा आहे. शंभर लिटरांत त्याला ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

धाकट्याला माझे कळकळीचे सांगणे असे की, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या खडकांवरून प्रवाळाचा तुकडा, अगदी सुटा पडलेला असला तरी, आणू नये. तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि खडक बांधणारी सर्व प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते, कारण तेथे प्रवाळ मुळात थोडे आहे आणि फार सावकाश वाढते. त्याने केवळ माशांची टाकी मांडावी. क्लाउनफिशची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केलेली आहे, तेव्हा पैदास केलेलेच मासे मिळवावेत. मला येथे पाणी तापवावे लागते, त्याला ते थंड ठेवावे लागेल; एप्रिल-मे महिन्यांत खोलीच तिशीपार जाते आणि पाणी २७ अंशांच्या वर फार काळ राहू नये. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, पण वाफ वाढते, म्हणजे गोडे पाणी अधिक लागते. वीज गेली की पंप थांबून प्राणवायू घटतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप त्याने पहिल्याच खरेदीत घ्यावा. पावसाळ्यात किनाऱ्याचे पाणी भरू नये. खाड्यांचे गोडे आणि गढूळ पाणी त्यात मिसळलेले असते.

त्याने जागा ठरवली की तिचे माप आणि खोलीचे दुपारचे तापमान मला कळवावे, म्हणजे पंप किती शक्तीचा लागेल ते सांगते. दादा-वहिनींस नमस्कार, मुलांस अनेक आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली लेक