काठीवरचा साप

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. लेकीला मेडिकलला प्रवेश मिळाला हे वाचून फार आनंद झाला. वैद्यकाच्या चिन्हावर साप कशाला, हा तुझा प्रश्न मात्र दोन ओळींत मिटणारा नाही.

तो साप ग्रीकांच्या वैद्यदेवतेचा, अस्क्लेपिअसचा. ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या त्याच्या देवळात रोगी रात्री झोपायचे. देव स्वप्नात येऊन बरं करतो, अशी श्रद्धा होती. तिथे बिनविषारी साप मोकळे फिरत. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये साथ आली, तेव्हा एपिडॉरसहून एक साप जहाजाने नेला. तो टायबर नदीतल्या बेटावर उतरला, अशी कथा आहे. तिथे देऊळ उभं राहिलं आणि आज त्याच बेटावर रुग्णालय आहे! दोन साप आणि पंख असलेली काठी मात्र हर्मीसची, देवांच्या दूताची. अमेरिकन लष्कराच्या वैद्यकीय दलाने 1902 मध्ये ती घेतली आणि गोंधळ वाढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या चिन्हावर एकच साप आहे, तोच खरा.

पण साप का? कात टाकून नवा होतो म्हणून, असं बहुतेक जण सांगतात. मला ते अपुरं वाटतं. समुद्रमंथन आठव. वासुकीची दोरी करून घुसळलेल्या त्या सागरातून हलाहल निघालं आणि अमृतकलश घेऊन धन्वंतरीही त्यातूनच वर आले. बायबलमध्ये सर्पदंशाने माणसं मरू लागली, तेव्हा मोशेने धातूचा साप करून खांबावर चढवला. त्याच्याकडे पाहणारा वाचे. मारणारं आणि तारणारं एकाच ठिकाणी असतं, हे त्या लोकांनी ओळखलं होतं, असं मला मनापासून वाटतं.

विज्ञानाने पुढे तेच हाती दिलं. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषाने रक्तदाब कोसळतो. आपल्या शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं, रक्तवाहिन्या रुंदावणारं द्रव्य असतं; त्याचा परिणाम वाढवणारा त्या विषातला घटक 1965 मध्ये संशोधक सर्जिओ फेरेरा यांनी दाखवून दिला. त्या घटकांच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध घडलं आणि 1981 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्तदाबाच्या गोळ्यांचं एक अख्खं कुळ त्यातून उभं राहिलं. सर्पदंशावरचं प्रतिविषही घोड्याला थोडं थोडं विष टोचूनच बनतं.

लेकीला हे पत्र वाचायला दे. औषधशास्त्रात कॅप्टोप्रिल आलं की तिने मला जरूर लिहावं. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद