एव्हन्स गॅम्बिट स्वीकारणाऱ्या धारवाडच्या सरांना

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

बेळगावात टिळकवाडीतल्या बुद्धिबळ स्पर्धेत आपला डाव झाला होता. काळी मोहरी तुमच्याकडे होती. चौथ्या खेळीला मी बी४चं प्यादं तुमच्या उंटासमोर ढकललं (बी ही उभ्या पट्टीची खूण, ४ आडव्या ओळीची), म्हणजे एव्हन्स गॅम्बिट, हल्ल्यासाठी मुद्दाम एक प्यादं देण्याची सुरुवात. तुम्ही ते मारलंत आणि पुढं डावही जिंकलात. हे पत्र डावानंतर तुम्ही मला दिलेल्या वेळेबद्दल आहे. आपल्या या सीमाभागात तुमच्या ताकदीचे आणखीही खेळाडू आहेत, त्यांच्याही नजरेस पडावं म्हणून ते उघड लिहितेय.

आपल्या रेटिंगमध्ये चारशेहून जास्त फरक. रेटिंग, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा आकडा, ज्या एलो पद्धतीनं काढतात, त्या गणितात ४०० गुणांचा फरक म्हणजे अकरा डाव खेळले तर कमी रेटिंगवाल्याच्या वाट्याला सगळे मिळून एक गुण. असे डाव संपतात कसे, हे खेड्यातून स्पर्धेला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हात मिळवायचा, कागदावर सह्या करायच्या आणि समोरचा उठून पुढच्या फेरीत आपली जोडी कुणाशी लागली ते बघायला जातो. तुमच्या बरोबरची मंडळी तर धारवाडला परत निघायच्या घाईत होती. तुम्ही त्यांना हातानंच थांबा म्हणालात, मोहरी पुन्हा मांडलीत आणि मला म्हणालात, “कूड्री (बसा) टीचर, मला कुठं भीती वाटली ते दाखवतो.”

इतक्या वरच्या खेळाडूनं आपण होऊन भीतीबद्दल बोलावं, हे माझ्यासाठी नवं होतं. हरलेल्याला त्याची चुकलेली खेळी दाखवणारे पुष्कळ भेटतात. आपल्या खेळीनं समोरच्याच्या पोटात कुठं गोळा आला, हे मात्र समोरच्यानंच सांगायला हवं. ते कुठल्या पुस्तकात नाही, आणि संगणक तर आकडा दाखवून मोकळा होतो.

सातव्या खेळीला मी किल्लेकोट केला, म्हणजे राजा हत्तीच्या आड सुरक्षित नेला, आणि तुम्ही ए५चा उंट बी६वर मागं घेतलात. हा जुन्या जगज्जेत्या लास्करचा बचाव मी वाचला होता. काळा मिळवलेलं प्यादं परत देतो, वजिरावजिरी करतो, म्हणजे दोन्ही वजीर पटावरून काढतो, आणि पांढऱ्याची एकाकी पडलेली ए आणि सी पट्टीतली प्यादी डाव संपेपर्यंत छळत राहतो. मी वजिरावजिरी टाळून वजीर बी३वर आणला, तुम्ही तुमचा एफ६वर, मग माझा उंट जी५वर आला आणि तुमचा वजीर जी६वर सरकला. तिथं मला वाटलं, झालं, आता माझ्याकडं काही उरलं नाही. नेमक्या त्याच ठिकाणी तुमच्या घड्याळातली सर्वांत जास्त मिनिटं गेली होती! तुमचा राजा अजून मधल्या पट्टीतच होता आणि पट्ट्या उघडल्या तर त्याला कुठं न्यायचं ते ठरत नव्हतं, हे तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. तुम्ही कन्नडमध्ये कुदुरे म्हणत होता, मी घोडा म्हणत होते, आणि दोघांचं बोट एकाच घरावर जात होतं.

मग तुम्ही सातवी खेळी बदलून दाखवलीत. किल्लेकोट कुठं पळून जात नाही, आधी वजीर बी३वर आणा. एफ७वर उंट आणि वजीर दोघांचा रोख लागतो, ते घर राखायला काळ्याला वजीर डी७वर न्यावा लागतो आणि त्याचा सी८चा उंट कोंडतो. प्यादं परत देऊन सुटायचा लास्करचा सोपा रस्ताही मग तसा मिळत नाही. आता मी तीच खेळी खेळते.

बलवानाविरुद्ध गॅम्बिट का खेळावा, याचं तुम्ही दिलेलं उत्तर मी वहीत उतरवून ठेवलंय. आमच्याकडं सर्रास सांगतात की मोठ्या खेळाडूला गोंधळात ओढा, तिथं तो चुकतो. तुम्ही मान हलवलीत. गोंधळातही मोठाच खेळाडू जास्त मोजतो, असं तुमचं म्हणणं. फरक पडतो तो वाट बघण्यात. शांत डावात तुम्ही नुसती मोहरी नीट करत बसला असता आणि चाळिसाव्या खेळीपर्यंत मी कुठंतरी चुकलेच असते. एव्हन्समध्ये पाचव्या खेळीपासून तुम्हाला तुमच्या राजाचं उत्तर द्यावं लागलं. “तिथं मला तुमच्याइतकंच काम पडलं,” असं तुम्ही म्हणालात. तोवर मी हे प्यादं सापळा म्हणून देत होते. त्या वाक्यानंतर ते देण्यामागचा माझा विचारच बदलला.

निघता निघता तुम्ही मोबाइलवर जगज्जेता कास्पारोव आणि आनंदचा रिगाचा एव्हन्स गॅम्बिटचा डाव लावलात, माजी जगज्जेता मिखाईल तालच्या स्मरणार्थ १९९५ साली झालेल्या स्पर्धेतला. तो मी आधी पाहिला होता, पण नुसता हल्ला म्हणून. तुम्ही बोट ठेवलंत सातव्या खेळीवर. आनंदनं घोडा ए५वर नेऊन सी४च्या उंटावर मारा केला, आणि कास्पारोवनं उंट मुकाट ई२वर मागं घेतला. एक प्यादं कमी असताना मागं! पण घोडा सी६ सोडून कडेला गेल्यामुळं पांढऱ्याचा वजीर डी४वर निवांत येऊन बसतो, जी७कडं बघतो, आणि तो घोडा नवव्या खेळीला पुन्हा सी६वर परततो. दिलेल्या प्याद्याची किंमत अशी वेळेत वसूल होते. पंचविसाव्या खेळीला आनंदनं डाव सोडला. तेवढं दाखवून तुम्ही “भाळ छलो आडिदीरी” (फार छान खेळलात) म्हणालात आणि गाडीकडं निघालात.

सर, मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला शिकवते. तिथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. कणकुंबीकडून एकदा सुरू झाला की मुलांना मैदान दिसत नाही. त्या महिन्यांत वर्गात पट मांडले जातात. तुम्ही मला दिलेलं सगळं आता तिथं पोचलंय. वेल्समधल्या कॅप्टन एव्हन्स नावाच्या जहाजावरच्या माणसानं १८२०च्या दशकात ही सुरुवात शोधली, हे मुलांना फार आवडतं. बर्लिनमध्ये १८५२ साली अँडरसननं ड्युफ्रेनविरुद्ध ह्याच सुरुवातीतून वजिराचा बळी देऊन मात केली, तो डाव मोठ्या मुलांनी पाठ केलाय. पण मी सगळ्यांत आधी रिगाची ती ई२ची खेळी लावते, कारण प्यादं दिल्यावर मुलं धावत सुटतात आणि तिथं त्यांना थांबावं लागतं.

आणि एक नियम तुमच्यामुळं आमच्या वर्गात आलाय. डाव संपला की जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला आपण कुठं घाबरलो ते सांगायचं. सुरुवातीला कुणी सांगेना. आता सांगतात, आणि हरलेलं पोर ते ऐकताना ज्या चेहऱ्यानं पटाकडं बघतं, तो चेहरा तुम्ही बघायला हवा होता. त्या संध्याकाळी माझाही तसाच झाला असणार.

सहावीतली एक मुलगी मात्र मला सोडत नाही. तिचा प्रश्न असा की काळ्यानं बी४चं प्यादं मारलंच नाही, उंट सरळ बी६वर मागं घेतला, तर आपण काय करायचं? मी तिला ए४ सांगितलंय, म्हणजे उंट अडकायची धमकी आणि काळ्याला ए६ करायला लावणं. त्याच्या पुढं तुम्ही काय खेळाल, ते तिला तुमच्याकडूनच ऐकायचंय. दसऱ्याच्या सुटीत जमलं तर लोंढ्यामार्गे गाडीनं खानापूरला उतरा, स्टेशनवर घ्यायला मी येते. पट आणि घड्याळ आमच्याकडं आहे, जेवण आमच्या घरी, आणि काळी मोहरी तुम्हाला.

आपली कृतज्ञ,
जांबोटी भागातली एक शिक्षिका