वरच्या टप्प्याचा कर फक्त वरच्या रकमेवर असतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जास्त कमावणाऱ्यांकडून जास्त दराने प्राप्तिकर घ्यावा का, यावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. पहिल्यांदा वाचून पेपर बाजूला ठेवला, पण ते डोक्यातून जाईना म्हणून रात्री पुन्हा काढून वाचला. लेखकाचे मत माझ्या मताच्या अगदी उलट आहे, त्याचा राग नाही. मत ज्याचे त्याचे. राग आहे तो मधल्या एका वाक्याचा. उत्पन्नाने वरचा टप्पा ओलांडला की माणसाच्या सगळ्या कमाईला वरचा दर लागतो आणि म्हणून चार पैसे जास्त मिळवण्यात अर्थ उरत नाही, असे तुम्ही छापले आहे. हे सरळसरळ चूक आहे. साधी बेरीज-वजाबाकी आहे ही, आणि छापण्याआधी तुमच्याकडे एकालाही ती करून पाहावीशी वाटली नाही.

मी ३१ वर्षे एका कारखान्याच्या हिशेब खात्यात पगारपत्रके केली. त्यामुळे हे वाक्य कुठे जाऊन लागते ते मला माहीत आहे.

आमच्याकडे एक फिटर होता. यंत्राला नुसता हात लावून बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगायचा. त्याला सुपरवायझर करायचे ठरले. पत्र निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी आला आणि खिशातून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढले. घड्या पडून पडून मधोमध विरलेले. दोन रकाने होते. डावीकडे उत्पन्न, उजवीकडे कराचा दर. वरच्या दराखाली त्याने लाल पेन्सिलीने दोनदा रेघ मारली होती, आणि दुसऱ्या रेघेने कागद फाटला होता.

"भाऊसाहेब, बढती नको. स्लॅब बदलतोय. आत्ता हातात पडतात त्यापेक्षा कमी पडतील."

मी जुन्या पगारचिठ्ठीची मागची बाजू घेतली आणि त्याला मांडून दाखवले. तेच इथे पुन्हा मांडतो, कारण तुमच्या लेखकालाही त्याची गरज आहे. समजा पहिल्या ३०० वर कर नाही. ३०० च्या पुढे ६०० पर्यंत १० टक्के. ६०० च्या पुढे २० टक्के. ज्याचा पगार ६०० आहे त्याचा कर ३०, हातात ५७०. आता पगार ६१० झाला. वरचा २० टक्क्यांचा दर लागतो तो फक्त वरच्या १० ला, म्हणजे कर वाढला २ ने. एकूण कर ३२, हातात ५७८. आठ जास्तच. तो मात्र सगळ्या ६१० ला २० टक्के लावून बसला होता. कर १२२ आणि हातात ४८८, असा त्याचा हिशेब. तो हिशेब खरा असता तर मीही बढती नाकारली असती.

त्याने माझे आकडे नीट पाहिले. बोट ठेवून ठेवून पाहिले. मग कात्रणाची घडी घातली आणि म्हणाला, "पण पेपरात छापलंय, भाऊसाहेब."

दोन दिवसांनी त्याने लेखी नकार दिला. त्याच्या हाताखाली शिकलेला मुलगा सुपरवायझर झाला. हा पुढे तेरा वर्षे फिटरच राहिला. निवृत्तीची रक्कम शेवटच्या पगारावर निघते, तीही तेवढ्यावरच निघाली. ते पत्रक मीच केले. सही करायला आला तेव्हा त्याने आकडा वाचला, पेन परत दिले आणि नमस्कार करून गेला. मी पत्रकाची दुसरी प्रत फाइलला लावली. आपण त्या दिवशी आणखी अर्धा तास त्याच्याजवळ बसायला हवे होते, ही टोचणी अजून गेलेली नाही. म्हणून, संपादक महाशय, तेच वाक्य इतक्या वर्षांनी पुन्हा छापून आलेले पाहिले की माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

एक गोष्ट मान्य करतो. काही ठिकाणी खरोखरच कडा असतो. एखादी सवलत किंवा मदत ठरावीक उत्पन्नापर्यंतच मिळते आणि त्यापुढे एक रुपया गेला तरी सगळीच बंद होते, तिथे माणसाला खरा फटका बसतो. असे नियम दुरुस्त करायला हवेत. पण तो दोष त्या सवलतीच्या आखणीचा असतो. चढत्या दराच्या माथी तो मारता येत नाही.

आता लेखातल्या बाकीच्या मुद्द्यांकडे येतो. श्रीमंतांवर चढता दर ही अलीकडची, हेव्यातून निघालेली कल्पना आहे, असे लेखक म्हणतात. ब्रिटनमध्ये १७९९ मध्ये पंतप्रधान पिट यांनी फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठी प्राप्तिकर लावला. त्यात ६० पौंडांच्या आतल्या वार्षिक उत्पन्नाला कर नव्हता, ६० ते २०० पर्यंत दर थोडा थोडा चढत जायचा आणि २०० च्या पुढे १० टक्के. हा कर लावणारे सरकार काही गिरणी कामगारांचे नव्हते. ज्याचे पोट जेमतेम भरते त्याच्याकडून आणि ज्याचे भरून उरते त्याच्याकडून एकाच मापाने घेता येत नाही, एवढे त्यांनाही कळत होते.

दुसरा दाखला फ्रान्सचा. ७५ टक्क्यांच्या करापायी तिथला प्रख्यात नट देश सोडून गेला, असे लिहून लेखक थांबतात. पुढचे कोण सांगणार? दहा लाख युरोंच्या वरच्या कमाईवरचा तो कर, कायदे घटनेला धरून आहेत का ते तपासणाऱ्या तिथल्या घटनात्मक परिषदेने २०१२ च्या डिसेंबरातच रद्द ठरवला. मग त्याचे रूप बदलून तो पगार देणाऱ्या कंपन्यांवर बसवला, २०१३ आणि २०१४ अशा दोनच वर्षांच्या पगारांसाठी, आणि नंतर तो संपला. त्या नटाने, जेरार दपार्दिए यांनी, २०१३ च्या जानेवारीत रशियाचे नागरिकत्व घेतले. तेव्हा रशियात सर्वांना सरसकट १३ टक्के कर होता आणि लेखकाने त्या सरसकट दराचे कौतुकही केले आहे. पण त्याच रशियाने २०२१ पासून जास्त उत्पन्नावर १५ टक्के लावले आणि २०२५ पासून तर १३ ते २२ टक्के असे पाच टप्पे केले. एवढी माहिती गाळायची आणि वर वाचकांनी विचार करावा म्हणायचे, हे बरोबर नाही.

दर वाटेल तेवढा चढवा असे माझे म्हणणे नाही. भारतात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वांत वरच्या टप्प्याला अधिभार धरून ९७.७५ टक्के कर होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात ठेवून माणसाने प्रामाणिक राहावे ही अपेक्षाच चुकीची. अशा दरांमुळे करचुकवेगिरी फोफावते असे काळ्या पैशाच्या चौकशीसाठी सरकारनेच नेमलेल्या वांछू समितीने सांगितले आणि १९७४-७५ च्या अर्थसंकल्पात यशवंतराव चव्हाणांनी तो दर ७७ टक्क्यांवर आणला. अमेरिकेतही १९४४ मध्ये वरचा दर ९४ टक्के होता, पण प्रत्यक्षात तेवढा भरणारे मोजकेच, कारण पळवाटा भरपूर होत्या. म्हणजे कागदावर मोठा आकडा लिहून भागत नाही. तो वसूल व्हावा लागतो.

आणि तो वसूल कोणाकडून होतो हाच तर खरा प्रश्न आहे. पगारदाराचा कर त्याच्या हातात पैसे पडायच्या आधी कापला जातो. मी स्वतः कापला आहे, हजारो वेळा. ओव्हरटाइम करून आलेल्या माणसाचाही कापला आहे. ज्यांची कमाई समभाग आणि जमिनी विकून मिळणाऱ्या नफ्यातून होते त्यांच्यासाठी अनेक देशांत वेगळे, हलके दर असतात. वॉरन बफे यांनी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्वतःच लिहिले होते की आपल्याला करपात्र उत्पन्नाच्या १७.४ टक्के कर पडला आणि आपल्या कार्यालयातल्या इतर वीस जणांना सरासरी ३६ टक्के. जगातल्या सर्वांत श्रीमंतांपैकी एक माणूस हे उघडपणे सांगतो. तुमचे लेखक मात्र 'मेहनतीला शिक्षा' म्हणतात. शिक्षा मेहनतीलाच होते आहे, पण ती वरच्या दरामुळे नाही. पैशाने मिळवलेल्या पैशाला सूट आणि घामाच्या पैशाला पूर्ण दर, यामुळे ती होते. म्हणून माझे स्पष्ट म्हणणे आहे की वरच्या उत्पन्नाला वरचा दर हवाच, आणि तो पगाराइतकाच नफ्यालाही लागला पाहिजे.

जाता जाता आणखी एक तक्रार. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कराचे जे कोष्टक छापता, ते इतक्या बारीक टाइपात असते की भिंग घेऊन बसावे लागते, आणि जाहिराती मात्र पानभर. त्याच कोष्टकात 'उत्पन्न' आणि 'दर' असे दोनच रकाने असतात. 'या रकमेच्या वर जेवढे असेल तेवढ्यावरच' हे शब्द कुठेच नसतात. ते दराच्या खाली, मोठ्या टाइपात छापा. शेजारी एक हिशेब सोडवून दाखवा, माझा दिला तरी चालेल. आणि कालच्या वाक्याची दुरुस्ती द्या. ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, लेख होता त्याच जागी हवी.

यापूर्वीची माझी दोन पत्रे तुम्ही जागेअभावी छाटलीत आणि दोन्ही वेळा नेमके आकडेच गेले. या वेळी जागा कमी पडली तर पिट काढा, फ्रान्स काढा. पगारचिठ्ठीमागचा हिशेब तेवढा काढू नका.

आपला,
एक निवृत्त पगार कारकून