तांदळाच्या कणीएवढे तुकडे

आदरणीय सेन्सेई,

सप्रेम नमस्कार. माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत ‘आरिगातो’च्या पुढे गाडी सरकत नाही, म्हणून हे पत्र मराठीतच लिहीत आहे, भेटीत जमेल तसे उलगडून सांगेन.

माझ्या यजमानांनी क्योतोच्या गोजोझाका भागातून हौसेने घेतलेला चहाचा वाडगा, ते गेल्यावर चार महिन्यांनी, धुताना माझ्याच हातून फुटला. त्या काळात किंत्सुगीचे, म्हणजे फुटलेले भांडे सांधून त्यावर सोनेरी रेघा ओढण्याच्या आपल्या जपानी कलेचे, चित्र आणि ‘तुटलेलेच अधिक सुंदर होते’ हे वाक्य मला निदान सहा जणांनी व्हॉट्सॲपवर पाठवले होते. त्यांपैकी एकानेही फोन करून ‘जेवलीस का’ असे विचारले नाही. ज्या दुकानात मी आधी गेले, तिथे रासायनिक गोंदावर सोनेरी रंग फिरवून वाडगा परत मिळाला आणि पहिल्याच गरम चहाला सांधा सुटला. पंधराव्या शतकातल्या जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा, शोगुन आशिकागा योशिमासाचा, तडकलेला वाडगा चीनहून धातूचे टाके घालून परत आला, अशी कथा आपल्याच तोंडून ऐकली. त्या टाक्यांनी निदान भेग लपवली तरी नव्हती!

दुकानदार केराच्या टोपलीत झटकणार होता ते कण मी रुमालात बांधून आणले होते, पण आपल्याला दाखवायची लाज वाटत होती. आपण स्वतः गाठ सोडली, तांदळाच्या कणीएवढे ते तुकडे पांढऱ्या कागदावर एकेक करून मांडले, जे बसणारच नव्हते त्यांची नीट घडी घालून पुडी केली आणि ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. ‘हेही त्याचेच आहेत,’ एवढेच म्हणालात. मी रडू लागले, तेव्हा आपण पाणी आणायला उठलात आणि परतायला मुद्दाम उशीर केलात, हेही माझ्या लक्षात आले. माणुसकी बहुधा अशीच, पाठ फिरवून उभी राहते.

वाडगा पहिल्यापेक्षा सुंदर होईल का, असे मी विचारले होते. ‘पहिल्यासारखा होणार नाही,’ असे आपण सरळ सांगितले, आणि इतक्या महिन्यांत माझ्याशी कुणीतरी खरे बोलले.

तुकडे सांधायला गव्हाच्या पिठात कालवलेला उरुशी नावाच्या झाडाचा चीक उन्हात नव्हे, तर दमट, उबदार पेटीत घट्ट होतो, हे उन्हाळी वाळवणाच्या प्रदेशातून आलेल्या मला पटायला वेळ लागला. तो अंगावर उततो म्हणून आपण मला हातमोजे दिलेत, तेव्हा आमच्या बिब्ब्याची आठवण झाली. दोन्ही झाडे एकाच कुळातली. तीन महिने मी येत राहिले. आपण दर वेळी पेटीचे दार उघडून वाडगा दाखवलात आणि ‘अजून नाही’ म्हणून बंद केलेत. घाई करा, असे मला एकदाही म्हणावेसे वाटले नाही.

आपण बजावल्याप्रमाणे वाडगा मायक्रोवेव्हमध्ये ठेवत नाही, तारेच्या घासणीने घासत नाही. ती पुडी मी वाडग्यातच ठेवली होती. परवा चहा ओतण्यासाठी ती प्रथमच बाहेर काढली.

आपली ऋणी,
एक विद्यार्थिनी