साहेब, अळंबी मार्चमध्ये उगवत नाही

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बुरशी, बटाटे आणि ३१ मार्च

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राची सहाय्यक प्राध्यापक आहे. कायम होऊन दोन वर्षं झाली. त्याआधीची सात वर्षं तासिका तत्त्वावर काढली. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की शून्य. त्या सात वर्षांचं रडगाणं इथे गात नाही. तिथेच अडकलेले माझे सोबती ते आपल्या कानावर घालत असतातच. मला बोलायचंय ते नोकरी लागल्यानंतरचं.

माझा विषय बुरशी. कवकशास्त्र हा पुस्तकातला शब्द. आमच्या घरी "पोरगी बुरशीत पीएच.डी. झाली" असंच सांगतात, आणि ऐकणाऱ्याला आधी स्वतःचा फ्रिज आठवतो.

नोकरीतली माझी पहिली लढाई बटाट्यांवरून झाली. बुरशी वाढवायला जे खाद्य लागतं, त्याची सगळ्यात साधी कृती अशी : एक लिटर पाण्याला २०० ग्रॅम बटाट्यांचा अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज (एक साखर), २० ग्रॅम अगर (जेलीसारखं घट्ट करणारी पावडर). हे जगभरच्या प्रयोगशाळांत असंच करतात. मी कपिलतीर्थ मंडईतून दोन किलो बटाटे आणले आणि पावती बिलाला जोडली. बिल परत आलं. वर लाल शाईत शेरा होता : "प्रयोगशाळेत बटाट्यांचे प्रयोजन काय?" मी अर्धं पान खुलासा लिहून दिला. त्यावर दुसरा शेरा आला, की खाद्यपदार्थ या शीर्षाखाली तरतूद नाही. तयार पावडरची बरणी मागवली असती तर कितीतरी पट महाग पडली असती, पण ती विनातक्रार मंजूर झाली असती.

विभागाचा ऑटोक्लेव्ह, म्हणजे निर्जंतुक करायचं यंत्र, मी रुजू होण्याआधीपासून बंद आहे. निर्जंतुक करायचं म्हणजे १५ पौंड दाबाखाली १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं ठेवायचं. तेवढ्यापुरता घरचा पाच लिटरचा कुकर चालतो, म्हणून मी तो आणून ठेवलाय. शिट्टी वाजली की शेजारच्या विभागातले सर डोकावतात : "मॅडम, डाळ झाली का?" आता मलाही याची गंमत वाटायला लागलीय. पण आमचे प्रयोगशाळा परिचर निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही, आणि पेट्रीडिश धुण्यापासून कुकर उतरवण्यापर्यंत सगळं एकाच माणसाकडे आलं. त्यात फारशी गंमत नाही.

हे सगळं किरकोळ म्हणून सोडून देता येईल. पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं.

माझा विषय पावसावर चालतो. जूनमध्ये वळवाच्या सरी संपून मृगाचा पाऊस मुरला की जमिनीत, लाकडात, शेणात, वारुळात वर्षभर दडलेलं सगळं वर यायला लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावडा, राधानगरी, आंबा घाट या पट्ट्यात हात लावाल तिथे काहीतरी उगवलेलं असतं. दसऱ्यापर्यंत बहुतेक खेळ आटोपतो. काही अळंबी तर सकाळी छत्री उघडतात आणि संध्याकाळपर्यंत शाईसारखं काळं पाणी होऊन जातात. त्यांना 'पुढच्या बैठकीत विषय घेऊ' असं सांगता येत नाही.

आमचा पैसा मात्र मार्चवर चालतो. तरतूद मंजूर होऊन हातात पडेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो, आणि ३१ मार्चच्या आत खर्च झाली नाही तर ती परत जाते. मार्चमध्ये दाजीपूरच्या जंगलात पाचोळ्याखाली काय मिळणार? वाळक्या ओंडक्यांवरची लाकडासारखी कडक झालेली बुरशी, बस्स. मग पैसे परत जाऊ नयेत म्हणून आम्ही बीकर घेतो. मागच्या वर्षी बीकर घेतले, त्याच्या आदल्या वर्षीही बीकरच घेतले होते. आमच्या विभागात आज विद्यार्थ्यांपेक्षा बीकर जास्त आहेत. जुलैत मात्र मी स्वतःच्या पैशानं तिकीट काढून एस.टी.नं गगनबावड्याला जाते, आणि तेही किरकोळ रजा टाकून. कारण त्या दिवसांत प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतात आणि प्राध्यापकानं जागेवर असणं अपेक्षित असतं. पहिल्या वर्षाचा वर्ग नीट भरून प्रात्यक्षिकं सुरू होतात तोवर ऑगस्ट सरत आलेला असतो. मुलांना मी अळंबी दाखवते ती फॉर्मॅलिनच्या बाटलीतली, उकडलेल्या वांग्याच्या रंगाची.

अभयारण्यात नमुने गोळा करायला परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. मी मे महिन्यात अर्ज केला. पत्र ऑक्टोबरमध्ये हातात पडलं.

साहेब, कोल्हापूरसारखा जिल्हा या विषयाला शोधून सापडणार नाही. पश्चिमेला गगनबावड्यात पाऊस थांबत नाही, पूर्वेला शिरोळकडे जाल तसा तो झपाट्यानं कमी होत जातो, आणि हा सगळा फरक एका दिवसात मोटारसायकलवर बघून परत येता येतं. राधानगरी हे १९५८ साली जाहीर झालेलं राज्यातलं पहिलं अभयारण्य. २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीतही आलं. तिथल्या गव्यांची मोजदाद होते. बुरशीचं काय? जगात आजवर नाव मिळालेल्या बुरशी साधारण दीड लाख. प्रत्यक्षात असाव्यात २२ ते ३८ लाख, असा अंदाज हॉक्सवर्थ आणि ल्युकिंग या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडला. म्हणजे बारसं व्हायची राहिलेलीच जास्त. त्यातल्या कितीतरी आपल्याच घाटात असतील.

गेल्या जुलैतली एक गोष्ट सांगते. भुदरगड तालुक्यातली एक विद्यार्थिनी स्टीलच्या डब्यात अळंबी घेऊन आली. तिच्या आजीनं बांधावरच्या वारुळाजवळून काढलेली. पांढरी, मध्ये टोकदार उंचवटा, आणि देठाचं टोक मुळीसारखं लांबच लांब. त्याच सकाळी एका मुलानं मैदानाच्या कडेची, तितकीच पांढरी आणि भाकरीएवढी मोठी अशी दोन आणली. वर्गात विचारलं, यातलं कुठलं खाल? निम्म्या वर्गानं मैदानावरच्याकडे बोट दाखवलं. जास्त मांसल होतं ना!

आम्ही दोन्हींचे देठ काढले, टोप्या उपड्या करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवल्या आणि वर बीकर पालथे घातले. (मार्चमधल्या खरेदीचं तेवढंच सार्थक.) दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं तासाच्या आधीच दारात उभी. टोप्या उचलल्या. वारुळाजवळच्या अळंबीखाली फिकट गुलाबी भुकटीचं (बीजाणूंचं, म्हणजे बुरशीच्या बियांचं) चाक उमटलं होतं, अगदी रांगोळीसारखं बारीक रेघांचं. मैदानावरच्या छत्रीखाली तसंच चाक, पण शेवाळी हिरवं. पहिली टर्मिटोमायसिस. ती वाळवी आपल्या वारुळात पोसते, माणसाला ती शेतात पिकवणं अजून जमलेलं नाही. दुसरी क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स. ती खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण निळा होतो का, या घरगुती परीक्षांना काही अर्थ नाही, हे मी फळ्यावर लिहून चार वेळा सांगते. त्या सकाळी एकदाही सांगावं लागलं नाही. आजीला फोन लावला. ती म्हणाली, "वारुळातनं आलेली मुळी हाताला लागली तरच मी काढती. न्हाईतर ऱ्हाऊ दे तिथंच." आजीनं आयुष्यभर पाहून शिकलेलं ज्ञान आहे ते, आणि आजीसोबतच ते जाईल, कारण ते टिपून घ्यायला पाऊस पडत असताना कुणीतरी बांधावर असावं लागतं.

फॉर्मॅलिनच्या बाटलीतून हे झालं नसतं.

पुस्तकातली बुरशी वेगळीच. गव्हावर तांबेरा हा रोग पाडणारी बुरशी पुस्तकात आपलं अर्धं आयुष्य बार्बेरी नावाच्या झुडपावर काढते, म्हणून तिचं जीवनचक्र शिकताना पोरं बार्बेरीच्या पानाचा छेद काढतात. मीही काढलाय, मला शिकवणाऱ्या मॅडमनीही काढला होता. आमच्यापैकी कुणी बार्बेरीचं झुडूप पाहिलेलं नाही. बरं, आपल्याकडच्या गव्हाच्या तांबेऱ्याला ती लागतही नाही. मैदानी भागात उन्हाळ्यात तांबेरा जगत नाही, दरवर्षी डोंगराळ भागातून वाऱ्याबरोबर नव्यानं येतो, हे आग्र्याच्या के. सी. मेहता यांनी स्वातंत्र्याच्या आधीच दाखवून दिलंय. खिडकीबाहेर उसावर तांबेरा आहे, भातावर करपा आहे, आणि आम्ही आत बसून न पाहिलेल्या झुडपाला रंग देतोय. अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवतं, मंत्री नव्हे, हे मला कळतं. राहवलं नाही म्हणून लिहिलं.

करवीर तालुक्यातले एक काका मध्ये थेट प्रयोगशाळेतच आले. हातात हातभर लांब, वाकडा, काळा दांडा. "म्याडम, उसाला चाबूक फुटलाय, बघा की." चाबूक काणी. उसाचा शेंडाच बुरशीनं असा चाबकासारखा बाहेर काढलेला असतो. वरचा चंदेरी पापुद्रा फाटला की आतून काजळीसारखी भुकटी उडते. ती सगळी बीजाणूंची. काकांनी तो दांडा शेतापासून कोल्हापुरापर्यंत मोटारसायकलवर उघडाच आणला होता. सदऱ्यावर, मिशीवर काळं. वाटेतल्या कितीजणांच्या फडात त्यांनी पेरणी करून ठेवली असेल! त्यांना चहा दिला आणि सांगितलं, की आधी चाबकावर पिशवी चढवायची, मग कापायचा, बेट मुळासकट काढून जाळायचं, त्या फडाचा खोडवा ठेवायचा नाही, बेणं तिथलं घ्यायचं नाही. काकांनी मुकाट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्ये आधी कुणी सांगितलं असतं तर?" त्यानंतर त्यांच्या गावचे आणखी दोघं येऊन गेले. वर्षाअखेरीच्या मूल्यमापनाच्या अर्जात हे काम दाखवायला रकाना नाही. परिषदेतल्या प्रमाणपत्राला आहे.

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची, म्हणजे लोक ज्याला 'काळी बुरशी' म्हणत त्या रोगाची साथ आली तेव्हा मी तासिकेवरच होते आणि कॉलेज बंद होतं. त्या मे महिन्यात मला नातेवाइकांचे जेवढे फोन आले तेवढे लग्नातही आले नव्हते. कांद्यावरची काळी बुरशी ती हीच का, फ्रिजच्या रबराची ती हीच का? कांद्यावरची अॅस्परजिलस नायजर, तिचा इथे संबंध नाही, आणि म्युकरची बुरशी स्वतः काळी नसते, ती ज्या पेशी मारते त्या काळ्या पडतात, एवढं सांगून माणसांना धीर येत होता. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली. त्यात १९ नावं आहेत. आमच्याकडे हा विषय पदवीला वनस्पतिशास्त्रातल्या एका घटकापुरता उरतो. खरं तर बुरशी वनस्पतीही नाही. नात्यानं ती झाडापेक्षा आपल्यालाच जवळची.

नमुने टिकवण्याचंही ऐकून घ्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवक संग्रह आहे, कवकशास्त्रज्ञ आजरेकरांच्या नावाचं कवकांचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. चांगला नमुना मिळाला तर तिकडे पाठवावा. पण तोवर तो कोरडा ठेवायचा कुठे? आमच्या खोलीच्या भिंतीला जुलैत ओल येते. माझ्या वाळवलेल्या बुरशींना बुरशी लागते. कोपऱ्यातल्या कोल्हापुरी चपलांवर पांढरी लव येते, तिचा निदान प्रात्यक्षिकाला उपयोग होतो. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी पसरलीय, आणि तिच्यातूनच आम्ही बाकीच्या बुरशी बघतो.

माझं मागणं मोठं नाही. ज्या विभागांचं काम पावसाळ्यातच होतं, त्यांना क्षेत्रकामाची रक्कम जूनच्या पहिल्या आठवड्यात अग्रिम म्हणून मिळावी. वीस हजार पुरतील. उरली तर ३१ मार्चला परत न जाता पुढच्या जूनपर्यंत राहावी. बेडूक, फुलपाखरं, गवतं यांवर काम करणारे माझे सहकारीही दुवा देतील. जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन रानात घालवलेला दिवस अध्यापनाचा दिवस धरावा, रजा नव्हे. अभयारण्याची परवानगी आपण आणि वनमंत्र्यांनी बसून वर्षाला एकदा, विद्यापीठामार्फत, मे अखेर मिळेल अशी करावी. आणि परिचराची जागा भरावी. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, ठाऊक आहे.

राज्याला शेकरू आहे, हरियाल आहे, तामण आहे, २०१५ पासून ब्लू मॉरमॉन फुलपाखरूही आहे. राज्य-बुरशी घोषित करा असं मी म्हणणार नाही. निदान या वर्षी तरी.

पत्रासोबत दोन कागद जोडले आहेत. एकावर गुलाबी चाक आहे, दुसऱ्यावर हिरवं. हिरव्याला हात लावल्यास कृपया धुवावेत. बटाट्यांची पावती जोडता आली नाही, ती अजून लेखा विभागातच आहे.

आपली नम्र,
एक सहाय्यक प्राध्यापक,
कोल्हापूर