माझ्या नावावर त्या पोराची रोजी बंद करू नका

राजारामपुरी, कोल्हापूर
दि. ११ मे २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
घरपोच किराणा सेवा

विषय : ग्राहकाच्या तक्रारीचं कारण दाखवून जखमी रायडरचा आयडी बंद केल्याबद्दल

महोदय,

मी दीड वर्षापासून तुमचा ग्राहक आहे. २ मेच्या संध्याकाळच्या ऑर्डरबद्दल हे पत्र लिहितोय. माल फुटका आला ही माझी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तुमच्या ॲपनं तसा अर्थ लावला आणि त्याची भरपाई एका तरुण पोराला करावी लागली, म्हणून हे लिहायची वेळ आली.

नातवाला जुलाब होत होते. घरात ओआरएस नव्हतं. सातच्या सुमाराला ओआरएसची पाकिटं, पाव आणि एक डझन अंडी मागवली. पैसे भरले आणि पाचेक मिनिटांत वळीव कोसळला. गारा पडत होत्या, निम्म्या गल्लीची लाईट गेली होती. ॲपवर मात्र '१४ मिनिटं' हा आकडा तसाच होता. मिनिटं संपली तसा तो लाल झाला.

पोरगं चाळीस मिनिटांनी आलं, गाडी ढकलत. पाइपलाइनसाठी खणलेली चर पाण्यानं भरली होती, त्यात पुढचं चाक गेलं म्हणाला. उजव्या कोपराची सालटी निघाली होती, रेनकोटच्या बाहीतून पाण्याबरोबर रक्त टपकत होतं. पिशवी पोटाशी धरलेली. पहिलं वाक्य बोलला ते हे : “काका, ओआरएस कोरडं हाय बघा. अंडी तेवढी फुटलीत. ॲपवर टाकू नका, मी पैसे देतो.” आणि खिशातून भिजलेली शंभराची नोट काढून माझ्यासमोर धरली.

ती नोट मी घेतली नाही. बायकोनं त्याला आत बसवून जखम धुतली, चहा दिला. चहा पितानाही त्याची नजर फुटक्या काचेच्या फोनवरच होती. टाका घालावा लागेल, सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, जाऊन ये, असं सांगितलं तर म्हणाला, “लॉगिन तास भरले नाहीत तर आठवड्याचा इन्सेंटिव्ह जातो, काका.” तसाच गेला.

अपघाताची खबर कंपनीला द्यावी म्हणून मी ॲप उघडलं. 'ऑर्डर उशिरा आली', 'वस्तू खराब निघाली', 'डिलिव्हरी पार्टनरचं वागणं' असे पर्याय होते. 'माल आणणाऱ्या माणसाला लागलं आहे' असा पर्याय कुठंच नव्हता. चॅट उघडायचा दुसरा रस्ता नाही म्हणून 'वस्तू खराब निघाली' हे दाबलं आणि मराठीत लिहिलं : “मला पैसे नकोत. तुमचा मुलगा पडलाय, त्याला दवाखान्यात पाठवा.” उत्तर आलं, गैरसोयीबद्दल क्षमस्व, अंड्यांचे पैसे परत केले आहेत. मी पुन्हा लिहिलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा चॅट बंद झालं.

चार दिवसांनी तो मला कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीजवळ दिसला. आयडी ब्लॉक. फोनवर इंग्रजीत मेसेज होता, ग्राहकाच्या तक्रारीमुळं खातं बंद केलं आहे. टीएलला, म्हणजे त्याच्या टीम लीडरला, विचारलं तर तो म्हणाला, सिस्टीमनं केलंय, माझ्या हातात काही नाही. गाडीचा हप्ता दहा तारखेला होता. अपघात विम्याचा अर्जही त्याच ॲपमधून भरायचा असतो आणि आयडी बंद असला की ॲप उघडत नाही. म्हणजे ज्या दिवशी त्याला विम्याची गरज पडली, त्याच वेळी तुम्ही ते दार लावलंत, आणि कडी माझ्या हातानं घातलीत. तो मला एक शब्द वाकडा बोलला नाही. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये ३१ वर्षं काम केलं, शेवटची बारा वर्षं सुपरवायझर होतो. आमच्याकडं फेटलिंगला, म्हणजे ओतीव नग घासून साफ करायच्या कामाला, काही पोरं ग्राइंडरचा गार्ड काढून काम करायची, कारण गार्ड काढला की तासाला नग जास्त निघायचे. एकाचं बोट गेलं. मॅनेजर म्हणाले, गार्ड त्यानंच काढला होता. तपासाला आलेल्या फॅक्टरी इन्स्पेक्टरनं फळ्यावर खडूनं लिहिलेला नगांचा आकडा बघितला आणि विचारलं, हा कुणी ठरवला? मॅनेजरना उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आकडा पुसून कमी केला. त्या कामगाराला ईएसआय या सरकारी कामगार विम्यातून पगाराच्या नव्वद टक्के पैसे मिळत राहिले आणि तो परत कामावर आला. अपघातामुळं कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर सरकारला लेखी खबर देणं कारखान्याला बंधनकारक होतं. चूक झाली तरी ती कागदावर यायची आणि कुणाच्या तरी नावावर पडायची.

तोच प्रश्न मी तुम्हाला विचारतोय. गारा पडत असताना १४ मिनिटं हा आकडा कुणी ठरवला? यंदा जानेवारीत केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कंपन्यांशी बोलल्यावर काहींनी जाहिरातीतले 'दहा मिनिटं' हे शब्द काढले. माझ्या फोनवर मिनिटं अजून उलटी मोजली जातात आणि रायडरच्या फोनवरही मोजली जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तुम्ही त्याला 'पार्टनर' म्हणता. आमच्याकडं गुळाच्या व्यापारात भागीदार म्हणजे नफ्यातोट्याचा वाटेकरी, हिशेबाच्या वहीवर बोट ठेवून विचारणारा माणूस. या पोराला आपलं रेटिंग कशानं घसरलं हेसुद्धा विचारता येत नाही. २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं उबरच्या चालकांना कामगार ठरवलं, ते याच मुद्द्यावर : भाडं कंपनी ठरवते, अटी कंपनी ठरवते, रेटिंगवरून कामावर पकड ठेवते, मग तो स्वतंत्र धंदेवाला कसा?

आणि ही अडचण महाराष्ट्राला नवीन नाही. इथल्या लक्ष्मीपुरी बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाचा मालक कोण, हा प्रश्न एकेकाळी असाच हवेत होता. आज या पेढीचं ओझं, उद्या त्या पेढीचं. कुणीच त्याचा मालक नव्हता, म्हणून पाठ मोडली तरी कुणावर जबाबदारी नव्हती. १९६९ मध्ये राज्यानं माथाडी कायदा केला. त्यातून मंडळं झाली, हमालाची नोंदणी झाली, माल उतरवून घेणाऱ्यानं मजुरीबरोबर लेव्ही, म्हणजे मंडळाकडं ठरावीक जादा रक्कम, भरायची असं ठरलं आणि हमालाला भविष्य निर्वाह निधी मिळाला. व्यापार काही बुडाला नाही. आमच्या बापजाद्यांनी पोत्यांच्या बाबतीत सोडवलेला प्रश्न फोनमध्ये गेल्यावर सुटत नाही, हे मला पटत नाही.

आता कायदाही तुमच्याकडं बघतोय. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० गेल्या २१ नोव्हेंबरपासून लागू झाली आहे. तिच्यात तुमच्यासारख्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या निधीला द्यायची तरतूद आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. राजस्थाननं २०२३ मध्ये वेगळा कायदा केला. कर्नाटकनं २०२५ मध्ये केला, त्यात कामावरून काढण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या नियमानुसार कामगाराचं खातं बंद करायचा निर्णय माणसानंच घ्यायचा असतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशात असं काम करणारे २०२०-२१ मध्ये ७७ लाख होते, असं म्हटलंय. एवढ्या माणसांची रोजीरोटी 'सिस्टीमनं केलं' एवढ्या दोन शब्दांवर ठेवता येणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. माझ्या खात्यावर २ मेची जी तक्रार नोंदली आहे, ती त्या रायडरविरुद्ध नाही, असं लेखी नोंदवा आणि त्याचा आयडी लगेच सुरू करा. जेवढे दिवस तो बंद ठेवलात, तेवढ्या दिवसांची त्याची सरासरी कमाई द्या. अपघाताची नोंद तुमच्या वहीत झाली आहे का आणि विम्याचा अर्ज कोण भरून घेणार, ते कळवा; आयडी बंद असतानाही हा अर्ज भरता आला पाहिजे. त्याचं खातं बंद करायचा निर्णय ज्या अधिकाऱ्यानं घेतला त्याचं पद मला कळलं पाहिजे. कुणीच घेतला नसेल तर तसंच लिहून द्या, म्हणजे पुढं कुठं जायचं ते मी बघतो. आणि ॲपमध्ये 'रायडरला दुखापत झाली आहे' असा पर्याय द्या. तो दाबला की पलीकडून माणसानं फोन उचलला पाहिजे. अंड्यांचे जे ८४ रुपये तुम्ही परत केलेत, ते मी त्याच्या औषधाला दिले आहेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ही तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं मी जाणार आहे. त्या मुलाचं नाव इथं लिहीत नाही, ऑर्डरवरून तुम्हाला ते कळेलच. त्याला विचारूनच हे पत्र लिहिलंय. या पत्रामुळं त्याला आणखी त्रास झाला तर ती माझी पुढची तक्रार समजा.

उत्तर मराठीत द्या, मला ते त्यालाही दाखवायचं आहे.

आपला,
(सही)
नाव व पत्ता खात्यावरील नोंदीप्रमाणे

सोबत : ऑर्डरची पावती, चॅटचे स्क्रीनशॉट, खणलेल्या चरीचा फोटो
प्रत माहितीसाठी : सहायक कामगार आयुक्त कार्यालय, कोल्हापूर